खातं थोडं, सांडतं फार: कृष्णविवराच्या आजूबाजूला काय चालतं

प्रश्न असा आहे: कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा सुटत नाही, मग विश्वातल्या सगळ्यात तेजस्वी वस्तूंच्या मुळाशी कृष्णविवरंच कशी? सगळं आत ओढणाऱ्या गोष्टीतून वायूचे झोत बाहेर कसे पडतात? आणि आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर एक दिवस आपल्यालाही गिळणार का?

गेली पंचवीसेक वर्षं मी कृष्णविवरांकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या नोंदी वाचतो आहे, अधूनमधून रेडिओ दुर्बिणीच्याही. त्या अनुभवावरून लिहितो. गणित टाळतो, आकडे मात्र टाळणार नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो. नाही गिळणार. समजा या क्षणी सूर्य काढून त्याच जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं. त्याची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल. आठ मिनिटांनी अंधार पडेल, मग गारठून सगळं संपेल. पण पृथ्वी आहे त्याच कक्षेत, तेवढ्याच दिवसांत फेरी मारत राहील. लांबून पाहिलं तर कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण कुठल्याही तेवढ्याच जड वस्तूसारखंच असतं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं, धनू राशीच्या दिशेचं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं जड आहे. ऐकायला प्रचंड वाटतं, पण आपण त्याच्यापासून २६,००० प्रकाशवर्षांहून जास्त दूर आहोत, आणि सूर्याला आकाशगंगेभोवती फिरवणारं ओझं आहे ते मधल्या अब्जावधी ताऱ्यांचं, वायूचं आणि कृष्णद्रव्याचं. इतकं कशाला, एस-२ नावाचा एक तारा सुमारे १६ वर्षांत त्या कृष्णविवराला एक फेरी घालतो. मे २०१८ मध्ये तो त्याच्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या फक्त १२० पट अंतरावरून, सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून अधिक वेगाने गेला आणि सुखरूप पलीकडे निघाला. अशाच ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया घेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं.

आता मुख्य मुद्दा. कृष्णविवरात पडणं अवघड असतं. व्याख्यानात हे सांगितलं की लोक हसतात, पण आमच्या विषयातली निम्मी मेहनत याच एका अडचणीवर खर्च झाली आहे.

अडचण म्हणजे कोनीय संवेग: फिरण्याचा वेग आणि मध्यापासूनचं अंतर मिळून होणारा फिरकीचा साठा. लांबून येणारा वायू कधीच नेमका नाकासमोर येत नाही, थोडा तरी बाजूने येतो. जसजसा जवळ येईल तसतसा गरगर फिरायला लागतो आणि कक्षेत अडकतो. जत्रेतला ‘मौत का कुआं’ आठवा. मोटारसायकलवाला वेगात आहे तोवर भिंतीवरून खाली येत नाही. खाली यायचं तर काहीतरी सोडावं लागतं. उपमा थोडी लंगडी आहे, कारण आत येणारा वायू उलट वेग वाढवत येतो आणि गमावतो तो कोनीय संवेग. पण मुख्य गोष्ट तीच: सोडल्याशिवाय खाली येता येत नाही. म्हणून वायूची एक चपटी तबकडी तयार होते. तिचा आतला भाग झपाट्याने फिरतो, बाहेरचा सावकाश, आणि कोनीय संवेग आतून बाहेर पोचवला गेला तरच आतला वायू आणखी आत सरकतो.

तो पोचवतं कोण? साधं घर्षण म्हणावं तर ते फारच अपुरं पडतं. १९७३ मध्ये मॉस्कोतल्या शकुरा आणि सुन्यायेव यांनी हा प्रश्न चतुराईने बाजूला ठेवला. जे काही घर्षण असेल त्याला त्यांनी ‘अल्फा’ हा एक आकडा दिला आणि पुढचं सगळं गणित करून टाकलं. अल्फा हे अज्ञानाला दिलेलं सभ्य नाव होतं, आणि आजही आम्ही ते रोज वापरतो. खरं कारण १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं: चुंबकीय क्षेत्र. वायू तापलेला, विद्युतभारित असतो, त्यामुळे चुंबकीय रेषा त्यात रबरासारख्या गुंतलेल्या असतात. आतला वायू पुढे पळतो, बाहेरचा मागे राहतो, मधलं रबर ताणतं. आतल्याला मागे खेचतं, बाहेरच्याला पुढे ढकलतं. आतला संवेग गमावून आणखी आत घसरतो, रबर आणखी ताणतं आणि सगळी तबकडी खळबळून उठते. चुंबकीय क्षेत्र अगदी दुबळं असलं तरी हे घडतं.

प्रकाश येतो तो या खळबळीतून. पाणी उंचावरून पडताना जी ऊर्जा मिळते तीच इथेही मिळते, फक्त हा कडा भयानक खोल आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती वायू स्थिर कक्षेत फिरू शकेल अशी शेवटची जागा घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेच्या, त्रिज्येच्या तिप्पट अंतरावर असते. तिथवर पोचेपर्यंत वायूच्या वस्तुमानापैकी ५.७ टक्के ऊर्जेच्या रूपात बाहेर पडलेलं असतं. कृष्णविवर स्वतः जास्तीत जास्त वेगाने फिरत असेल तर ती जागा आणखी आत सरकते आणि हा आकडा ४२ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतं तेव्हा फक्त ०.७ टक्के मिळतात. मधला १० टक्क्यांचा आकडा धरला तर १ किलो वायूमागे सुमारे २५० कोटी युनिट वीज. कोयनेची सगळी १,९६० मेगावॅट क्षमता रात्रंदिवस चालवली तर एवढी वीज तयार व्हायला पावणेदोन महिने लागतील. एका किलोला!

म्हणजे आपल्याला दिसतो तो सगळा प्रकाश उंबरठ्याबाहेरचा. घटना क्षितिज ओलांडल्यावर काहीच येत नाही. ओलांडण्याआधीच वायू जे द्यायचं ते देऊन मोकळा झालेला असतो. सूर्याच्या दहापट कृष्णविवराची तबकडी आतल्या बाजूला कोटभर अंशांपर्यंत तापते, म्हणून ती क्ष-किरणांत झळकते. अब्जावधी सूर्यांच्या कृष्णविवराभोवतीची तबकडी त्या मानाने थंड, लाखभर अंशांची, म्हणून ती अतिनील किरणांत जास्त दिसते. मोठं ते जास्त तापलेलं असणार, असा सगळ्यांचा अंदाज असतो. इथे उलटं आहे, कारण मोठ्या कृष्णविवराभोवती तीच उष्णता कितीतरी मोठ्या पृष्ठभागावर पसरते.

या प्रकाशालाही रेटा असतो. तबकडी फार उजळली की प्रकाशच येणाऱ्या वायूला बाहेर ढकलायला लागतो. ही मर्यादा एडिंग्टनच्या नावाने ओळखली जाते. दहा सूर्यांच्या कृष्णविवरासाठी ती सव्वातीन लाख सूर्यांच्या तेजाइतकी येते. त्या आसपास गेलं की गंमत सुरू होते.

ती बघायची तर गरुड तारकासमूहातला जीआरएस १९१५+१०५ हा उद्गम, म्हणजे क्ष-किरणांचा स्रोत, घ्या. १९९२ मध्ये ग्रॅनाट उपग्रहाने तो शोधला. सूर्याच्या सुमारे बारापट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि त्याच्याभोवती साधारण ३४ दिवसांत फेरी घालणारा एक फुगलेला तारा, ज्याचा वायू ओघळून कृष्णविवराकडे जातो. या उद्गमाचे क्ष-किरण कधी स्थिर असतात, कधी थरथरतात, कधी मिनिटभर जवळपास विझतात. २००० सालापर्यंत त्याच्या वागण्याचे बारा प्रकार नोंदले गेले होते, पुढे आणखी भर पडली. त्यातला एक तर हुबेहूब हृदयाच्या ठोक्यांसारखा: दर पन्नासेक सेकंदांनी एक उसळी, मग घसरण, पुन्हा उसळी. तबकडीचा आतला भाग वायूने भरत जातो, तापतो, प्रकाशाचा दाब इतका वाढतो की तो भागच फुगून रिकामा होतो, आणि पुन्हा भरायला लागतो. मोरीत पाणी तुंबावं, एकदम गडगडून जावं, पुन्हा तुंबावं, तसं.

या उद्गमाशी भारताचा जुना संबंध आहे. क्ष-किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे यंत्र वर न्यावंच लागतं. मार्च १९९६ मध्ये पीएसएलव्हीने सोडलेल्या आयआरएस-पी३ या उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आणि इस्रोची एक छोटी क्ष-किरण दुर्बीण होती. उपग्रह मुख्यतः जमीन न्याहाळणारा, दुर्बीण जवळपास पाहुणी म्हणून बसलेली. तिने जीआरएस १९१५ च्या उसळ्या टिपल्या. न्यूट्रॉन ताऱ्याच्या (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा, कृष्णविवर न झालेला) पृष्ठभागावर स्फोट होतो तेव्हा क्ष-किरण झटकन वाढतात आणि सावकाश ओसरतात, कारण तापलेला पृष्ठभाग निवायला वेळ लागतो. इथे उलट होतं: चढ सावकाश, उतार झटकन. १९९८ मध्ये या गटाने मांडलं की आतला वायू घटना क्षितिजाआड जात असेल तर असंच दिसेल; निवायला पृष्ठभागच नाही. हा अंतिम पुरावा नव्हता, त्यांनीही ‘शक्यता’ असाच शब्द वापरला होता. पण एवढ्याशा यंत्रातून एवढा मोठा प्रश्न विचारला गेला, याचं मला आजही कौतुक वाटतं. याच परंपरेतून पुढे २८ सप्टेंबर २०१५ ला भारताचा वेधशाळा-उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट अवकाशात गेला.

नवख्यांसाठी इथेच एक सावधगिरी सांगतो. विद्यार्थिदशेत एका उद्गमाच्या नोंदीत मला सुंदर नियमित चढउतार सापडला. आठवडाभर मी हवेत होतो. चढउतार साधारण दीड तासाचा होता. उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायलाही दीड तास लागतो, हे मार्गदर्शकांनी चहा पिता पिता लक्षात आणून दिलं.

तबकडीवरून वारेही सुटतात. हंस तारकासमूहातलं व्ही४०४ हे कृष्णविवर १९८९ पासून शांत होतं. जून २०१५ मध्ये ते अचानक पेटलं आणि दोनेक आठवड्यांत विझलं. तबकडीत वायू भरपूर होता, मग इतक्या लवकर का संपलं? दृश्य प्रकाशातल्या निरीक्षणांत सेकंदाला ३,००० किलोमीटरपर्यंत वेगाने बाहेर जाणारा वारा दिसला. तबकडीच्या बाहेरच्या भागातला वायू आत पोचण्याआधीच उडून गेला होता. पंगत बसायच्या आत पत्रावळीच वाऱ्याने नेल्या म्हणा. (अ‍ॅस्ट्रोसॅट तेव्हा जमिनीवरच होता. तीन महिन्यांनी हुकलं. असो.)

याच्या दुसऱ्या टोकाला आपलं धनू राशीतलं कृष्णविवर. आसपासच्या जड ताऱ्यांच्या वाऱ्यांतून त्याला वायू मिळतो, पण त्याच्या ओढीच्या टप्प्यात येणाऱ्या वायूपैकी एक टक्काही आत पोचत नाही, असं अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून दिसलं. जो पोचतो तो इतका विरळ की नीट तबकडी बनतच नाही. त्याचे कण एकमेकांना भेटतच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे उष्णता प्रकाशात बदलण्याआधीच आत वाहून जाते. हे चित्र रमेश नारायण आणि इन्सू यी यांनी १९९४-९५ च्या सुमारास उभं केलं. त्याचा परिणाम लक्षात घ्या: तीच उष्णता एखाद्या पृष्ठभागावर आदळली असती तर पृष्ठभाग उजळला असता. कृष्णविवरात ती नाहीशी होते. शांत अवस्थेतली कृष्णविवरं तशाच परिस्थितीतल्या न्यूट्रॉन ताऱ्यांपेक्षा कितीतरी अंधूक दिसतात ती याचमुळे. १२ मे २०२२ ला प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात या कृष्णविवराभोवतीचं प्रकाशाचं कडं आपण पाहिलं. त्यात उजळ दिसतो तो हा विरळ, तापलेला, उपाशी वायू. ते नेहमीच इतकं गप्प नव्हतं. जवळच्या वायूच्या ढगांवरून परावर्तित झालेले क्ष-किरण सांगतात की दोनेकशे वर्षांपूर्वी ते बरंच जास्त तेजस्वी होतं.

आता झोत. १९१८ मध्ये हेबर कर्टिसने कन्या राशीच्या दिशेच्या एम८७ दीर्घिकेत एक सरळ रेघ पाहिली. काय आहे ते कोणाला कळलं नाही. आज आपण जाणतो की ती जवळपास प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या कणांची, सुमारे ५,००० प्रकाशवर्षं लांबीची धार आहे, आणि तिच्या मुळाशी साडेसहा अब्ज सूर्यांचं कृष्णविवर आहे. एप्रिल २०१९ मध्ये पहिलं छायाचित्र प्रसिद्ध झालं ते याचंच.

झोत कृष्णविवराच्या आतून येत नाही. फिरणारं कृष्णविवर आपल्याभोवतीचं अवकाशच फिरवतं, आणि त्या फिरण्यात त्याच्या वस्तुमानाच्या २९ टक्क्यांपर्यंत ऊर्जा साठलेली असू शकते. ही क्षितिजाबाहेरच्या अवकाशातली ऊर्जा, म्हणून ती काढून घेता येते. १९६९ मध्ये रॉजर पेनरोझ यांनी युक्ती सुचवली: या फिरत्या भागात कणाचे दोन तुकडे करा, एक उणे ऊर्जा घेऊन आत जाऊ द्या, दुसरा जास्त ऊर्जा घेऊन बाहेर येईल. पुढे लक्षात आलं की तुकडे प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फुटावे लागतात, म्हणून व्यवहारात हे जमणार नाही असं वाटलं. १९८५ मध्ये संजय वाघ, संजीव धुरंधर आणि नरेश दधीच यांनी दाखवलं की भोवती विद्युतचुंबकीय क्षेत्र असेल तर ही अट गळून पडते. त्याआधी १९७७ मध्ये ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांनी थेट चुंबकीय मार्ग मांडला होता: तबकडीने आणलेल्या चुंबकीय रेषा कृष्णविवरात रुतल्यासारख्या होतात, फिरणारं अवकाश त्यांना दोरखंडासारखा पीळ देतं, आणि पीळ वर-खाली अक्षाच्या दिशेने धावतो. आज बहुतेक जण झोतांचं मूळ इथेच शोधतात, मीही. २०२१ मध्ये एम८७ च्या कड्यातल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते, मोजलं गेलं, तेव्हा तिथे नीट रचना असलेलं चुंबकीय क्षेत्र खरंच दिसलं.

हे झोत जातात कुठे? माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि इथे आपण पुणे जिल्ह्यात येतो. द्राक्षं आणि तमाशासाठी ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावजवळ, खोडदला जीएमआरटी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, मधल्या चौकात १४ आणि तीन दिशांना पसरलेल्या १६. ही दुर्बीण कमी कंप्रतेच्या रेडिओ लहरी ऐकते. झोतातले जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर थकतात; कोट्यवधी वर्षांनंतर उरते ती म्हातारी, मंद इलेक्ट्रॉनांची वस्ती, आणि तिचा आवाज फक्त कमी कंप्रतेला येतो. जुने गुन्हे शोधायचे तर खोडदला यावं लागतं.

भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. दीर्घिकांच्या मधली जागा कोट्यवधी अंशांच्या विरळ वायूने भरलेली, आणि चंद्रा दुर्बिणीला त्या वायूत २०१६ मध्ये एक वाकडी कड दिसली, जणू तिथे पोकळी आहे. झोताने ती खणली असेल का? त्या संशोधकांनी शक्यता तपासली आणि सोडून दिली, कारण लागणारी ऊर्जा अवाच्या सवा येत होती. २०२० मध्ये जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन दुर्बिणीच्या नोंदी जुळवल्या गेल्या, तर ती पोकळी रेडिओ लहरींनी काठोकाठ भरलेली निघाली. पोकळीत आपली आकाशगंगा ओळीने १५ वेळा मावेल. खर्च झालेली ऊर्जा सूर्य आपल्या १,००० कोटी वर्षांच्या आयुष्यात जेवढी देईल तिच्या सुमारे ४,००० कोटी पट.

असे फुगे ययाती तारकासमूहातल्या दीर्घिका समूहातही आहेत, आणि त्यांच्याभोवती वायूत लाटा पसरलेल्या दिसतात. त्यातून एक जुनं कोडं सुटतं. हा गरम वायू क्ष-किरण देत देत निवायला हवा आणि मधल्या दीर्घिकेत कोसळून भराभर नवे तारे व्हायला हवेत. तसं होत नाही. वायू निवून आत आला की कृष्णविवराला खायला मिळतं, झोत सुटतात, वायू पुन्हा तापतो, पुरवठा तुटतो. दीर्घिकेच्या मानाने घटना क्षितिज म्हणजे शेतातला मोहरीचा दाणासुद्धा नव्हे, आणि तरी तारे किती जन्मावेत यात त्याचा हात असतो.

उरलेलं थोडक्यात. तारा फारच जवळ गेला तर ओढीच्या फरकाने फाटतो. त्याचा जवळपास निम्मा वायू बाहेर फेकला जातो, उरलेला महिनोन्‌महिने जळतो. पण कृष्णविवर दहा कोटी सूर्यांहून जड असेल तर सूर्यासारखा तारा फाटण्याआधीच अख्खा आत जातो, बाहेर काही दिसत नाही. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली की ऊर्जा गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांतून, जाते: १४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेल्या टकरीत ३६ आणि २९ सूर्य मिळून ६२ उरले, तीन सूर्यांचं वस्तुमान क्षणार्धात लहरी होऊन गेलं. असंच ऐकण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. हॉकिंग किरणांबद्दल, म्हणजे कृष्णविवरही अगदी मंदपणे उष्णता बाहेर टाकतं या कल्पनेबद्दल, हमखास विचारलं जातं. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या कोटीव्या हिश्श्याहूनही कमी येतं, आणि भोवतालचं विश्व २.७ केल्विनचं आहे. म्हणजे सध्या ते देण्यापेक्षा घेतंच जास्त. आमच्या कामात हा आकडा कधी लागत नाही.

जीआरएस १९१५ चं पुढे काय झालं ते राहिलं. सव्वीस वर्षं सतत तळपल्यावर २०१८ मध्ये त्याचे क्ष-किरण मंदावले आणि पुढच्या वर्षी आणखी खाली गेले. आधी वाटलं, पुरवठा संपला. पण रेडिओत त्याच्या उसळ्या चालूच राहिल्या, आणि उरलेल्या क्ष-किरणांच्या वर्णपटात दाट वायूच्या खुणा दिसल्या. तबकडीवरूनच उठलेला वायू आड आला असावा. कृष्णविवर उपाशी नाही, पडद्याआड जेवतंय.